आकाशातलं अभयपत्र

जुलैमधली एक संध्याकाळ. नागपूरहून मुंबईला येणारं आमचं विमान घाटकोपरवरून खाली उतरत होतं. खिडकीवर पावसाचे ओघळ आणि त्यांच्या आड झोपड्यांवरच्या निळ्या ताडपत्र्या. आता चाकं टेकणार म्हणून सगळे सावरून बसलो, तेवढ्यात इंजिनं गरजली, पाठ खुर्चीला दाबली गेली आणि विमान पुन्हा ढगांत शिरलं. पुढची पंचवीस मिनिटं समुद्रावर घिरट्या घालण्यात गेली. दुसऱ्या खेपेला उतरलो तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा चीड जास्त होती. कुणाची पुढची गाडी चुकली होती, कुणाला घ्यायला आलेली माणसं ताटकळली होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पायलट नवशिका दिसतोय." मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची मला आज खंत वाटते. वैमानिकाला धावपट्टी नीट दिसली नसेल, वारा अचानक फिरला असेल, किंवा पुढचं विमान वेळेत बाजूला झालं नसेल. कारण कुठलंही असो, घेतलेला निर्णय त्याने अगदी शेवटच्या टप्प्यावर मागे घेतला. ज्यांचे जीव त्याने सांभाळले ते आम्ही मात्र ती त्याची नालायकी समजलो. विमान अपघातांचे अहवाल वाचायला लागल्यावर मला कळलं की आमची ही समजूत निरुपद्रवी नव्हती. ती कॉकपिटमध्येही शिरते आणि तिथे माणसं मारते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. विमानप्रवास आज इतका सुरक्षित झाला तो रडार, संगणक आणि भक्कम इंजिनांमुळे, हे खरंच आहे. पण त्या यंत्रांच्या मुळाशी दोन मानवी गोष्टी आहेत. एक, परत फिरण्याची मुभा. दुसरी, चूक बोलून दाखवणाऱ्याला अभय. या दोन्ही जिथे आटतात तिथे उत्तम विमान, उत्तम वैमानिक आणि स्वच्छ हवा असूनही माणसं मरतात. आणि आपल्या समाजात या दोन्ही गोष्टींचा तुटवडा आहे.

आधी परत फिरण्याविषयी. विमान उतरवण्याचा नियम साधा आहे. जमीन १००० फुटांवर येईपर्यंत वेग, दिशा, उतरण्याची गती, चाकं आणि पंखांचे फ्लॅप हे सगळं ठरल्याप्रमाणे बसलेलं असलं पाहिजे. हवा स्वच्छ असेल तर बऱ्याच कंपन्या ही मर्यादा ५०० फूट धरतात. घडी बसली नसेल तर पुन्हा वर जायचं. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्याचा सराव प्रत्येक वैमानिकाकडून करून घेतला जातो आणि त्यासाठी लागणारं इंधनही विमानात असतं. तरीही फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात आढळलं की घडी न बसलेल्या १०० प्रसंगांपैकी सुमारे ९७ वेळा वैमानिक वर न जाता तसाच उतरतो. यातली बहुतेक विमानं सुखरूप थांबतात आणि नेमकं तेच घातक ठरतं. दर वेळी निभावून गेलं की नियम हा भित्र्यांसाठी असतो, असं मनाला वाटू लागतं.

हवामानाच्या बाबतीत तर ही गोष्ट फार महाग पडली आहे. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ वादळी ढगाखालून उतरणारं ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान कोसळलं आणि ११३ माणसं गेली. ही दुर्घटना समजून घेण्यासाठी बोलावण्यात आलं तेत्सुया फुजिता या हवामानशास्त्रज्ञांना. ते मूळचे जपानचे. अणुबॉम्ब पडल्यानंतर काही आठवड्यांनी ते नागासाकी आणि हिरोशिमाच्या पाहणीला गेले होते. स्फोटाच्या खालची झाडं एका बिंदूपासून चारी दिशांना चक्राच्या आऱ्यांसारखी आडवी झालेली त्यांनी तिथे पाहिली होती. पुढे अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून जंगलांची पाहणी करताना त्यांना तोच आकार पुन्हा दिसला. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की कधीकधी ढगातून थंड हवेचा लोट सरळ खाली आदळतो आणि जमिनीवर चहूकडे पसरतो. विमान अशा लोटात शिरलं की आधी समोरून वारा लागतो आणि वेग वाढल्यासारखा वाटतो. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो, पंखांखालचा आधार सुटतो आणि जमीन जवळ असते.

फुजितांवर सुरुवातीला बऱ्याच सहकाऱ्यांनी विश्वास ठेवला नाही. १९८५ मध्ये डॅलसला डेल्टा कंपनीचं विमान अशाच लोटात सापडून १३७ बळी गेले. त्यानंतर विमानतळांवर वाऱ्याचे संवेदक, विशेष रडार, विमानांत इशारा देणारी यंत्रं आणि वैमानिकांना सक्तीचं प्रशिक्षण हे सगळं वेगाने आलं. १९९४ नंतर अमेरिकेत प्रवासी कंपनीचं एकही विमान या कारणाने पडलेलं नाही. ज्ञानाने मृत्यूचं एक आख्खं कारण पुसून टाकल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

पण १९७५ च्या त्या दुपारचा तपशील पुन्हा पाहिला की मन थबकतं. कोसळलेल्या विमानाच्या आधी एक मालवाहू विमान त्याच धावपट्टीवर उतरलं होतं. त्याच्या वैमानिकाने टॉवरला सांगितलं होतं की वारा भयंकर फिरतो आहे, धावपट्टी बदला. त्यामागच्या एका विमानाने उतरणं सोडून वर झेप घेतली होती. धावपट्टी बदलली गेली नाही आणि विमानं येत राहिली. फुजितांचा सिद्धांत तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, हे कबूल. पण धोका ठाऊक होता. एकाने तो बोलून दाखवला होता, एकाने परत फिरून सिद्ध केला होता. मागून येणाऱ्याला परत फिरवील इतकं वजन त्या दोघांच्या अनुभवाला मिळालं नाही.

आता आपल्याकडची दोन उदाहरणं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. हवा चांगली होती आणि विमानात बिघाड नव्हता. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. त्यांच्या अहवालातून कळतं ते असं. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात पहिला दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपलेले आहेत. मंगळूरचं रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. विमान फार उंच आणि फार वेगात आलं. सहवैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड करण्यास सांगितलं, इशारा देणारं यंत्रही ओरडत होतं, तरी कॅप्टन उतरत राहिले. सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ५२०० फुटांच्या आसपास. आणि मग, ब्रेक लावून झाल्यावर, परत उडण्याचा प्रयत्न झाला. परत फिरण्याची वेळ निघून गेल्यावर केलेली ती धडपड होती.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाकाळात अडकलेल्या भारतीयांना दुबईहून घेऊन येणारं त्याच कंपनीचं विमान कोझिकोडला मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन हवाई दलातून आलेले, अत्यंत अनुभवी आणि नावाजलेले मराठी वैमानिक होते. पहिल्या प्रयत्नात त्यांनी नियमाप्रमाणे गो-अराउंड केलंही होतं. दुसऱ्या वेळी उलट्या दिशेने, पाठीमागून वारा असताना विमान आलं. ८८५८ फुटांपैकी जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर ते टेकलं. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. तो शब्द न पाळणं आणि सहवैमानिकाने स्वतः ताबा न घेणं, ही दोन्ही संभाव्य कारणं म्हणून अहवालात नोंदली आहेत. आणखी एक नोंद त्याच अहवालात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोझिकोडलाच परतण्याचं दडपण कॅप्टनच्या मनावर होतं आणि त्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती. कर्तबगार माणूस चुकला तो कौशल्य कमी पडलं म्हणून नव्हे. परत फिरणं त्या रात्री त्याला फार महाग वाटावं, अशी परिस्थिती त्याच्याभोवती रचली गेली होती.

सहवैमानिकांनी ताबा का घेतला नाही? मंगळूरच्या अहवालात त्याचं एक उत्तर आहे. सहवैमानिकाला असा अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या. दुसरं उत्तर आपल्या घराघरांत आहे. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, साहेबांना उलट उत्तर देऊ नये, सर चुकले तरी वर्गात दाखवू नये, हे आपण पोरांना बोट धरून शिकवतो. वीस-पंचवीस वर्षं हे शिकलेला तरुण कॉकपिटच्या उजव्या खुर्चीत बसतो. आपल्याहून कितीतरी वर्षांनी ज्येष्ठ असलेल्या माणसाच्या हातातून विमान काढून घेण्यासाठी त्याच्याजवळ सात-आठ सेकंद असतात. तेवढ्या सेकंदांत त्याला सगळं बाळपण ओलांडून जायचं असतं.

हा दोष फक्त आपला आहे असं मुळीच नाही. इतिहासातला सर्वांत मोठा विमान अपघात २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावर झाला. दाट धुक्यात धावपट्टीवर दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. उड्डाण करणाऱ्या डच विमानाचे कॅप्टन कंपनीचे नामांकित प्रशिक्षक होते. समोरचं विमान धावपट्टीवरून खरंच बाजूला झालं आहे का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. त्याला खात्रीने ‘हो’ असं उत्तर मिळालं आणि तो गप्प बसला. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक कार्यशाळा भरवली. कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं बोलावं, ज्येष्ठाने शंका कशी मागून घ्यावी, कनिष्ठाने ती कशी ठामपणे मांडावी याचं शास्त्र तिथून उभं राहिलं. आज जगभर वैमानिकांना ते शिकावं लागतं.

संस्कृती बदलत नसते, असं म्हणणाऱ्यांनी कोरियन एअरकडे पाहावं. वयाचा आणि पदाचा मान राखणाऱ्या त्या समाजातल्या या कंपनीच्या नावावर १९९० च्या दशकात अपघातांची रांग होती. १९९७ मध्ये ग्वामला झालेल्या एका अपघातात २०० हून अधिक लोक गेले. मग बाहेरचे तज्ज्ञ आणून प्रशिक्षण, नेमणुका आणि कॉकपिटमधली वागण्याची रीत पालटली गेली. १९९९ नंतर त्या कंपनीचा एकही प्राणघातक अपघात नाही. माणसं तीच, देश तोच. बदलली ती बोलण्याची मुभा.

कॉकपिटमधली दोन माणसं एकमेकांना दिसतात तरी. हवाई वाहतूक नियंत्रक आणि वैमानिक यांच्यामध्ये फक्त आवाज असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न आणखी नाजूक होतो. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलं. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमानातल्या दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होतं. शिखर ओलांडलं असं वैमानिकाला वाटलं. नियंत्रकाला रडारवर ती चूक दिसली आणि शिखर अजून पाच मैल पुढे असल्याचं त्याने कळवलंही. शब्द विमानात पोचले. पण ‘तुमचा अंदाज चुकला आहे’ हा त्यांचा अर्थ पोचला नाही, आणि आपल्याच समजुतीला दुजोरा मिळाला असं मानून विमान खाली येत राहिलं. या अपघातामागे घातपात शोधणाऱ्या कथा आपल्याकडे साठ वर्षं चवीने सांगितल्या जातात. फ्रेंच चौकशीने दाखवलेलं हे साधं, भयंकर कारण मात्र क्वचित कुणाला ठाऊक असतं.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. हवेत दोन विमानं आदळून एवढी माणसं जगात कधीच मेली नव्हती. नियंत्रकाने सौदी विमानाला १४००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५००० फुटांवर राहायला सांगितलं होतं. दोघांमध्ये १००० फुटांची भिंत होती. कझाक विमान ती ओलांडून खाली आलं. त्यातले वैमानिक इंग्रजी संभाषणासाठी रेडिओ ऑपरेटरवर अवलंबून होते. आपली उंची चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत वेळ संपली होती. दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे हे दिसत असे, किती उंचीवर आहे हे दिसत नसे. येणारी आणि जाणारी विमानं एकाच मार्गाने सोडली जात होती. नियंत्रकाचे आदेश बरोबर होते. पण ते पाळले जात आहेत की नाही, हे पाहण्याचे डोळे देशाने त्याला दिले नव्हते. अपघातानंतर मार्ग वेगळे झाले, नवं रडार आलं आणि टक्कर टाळणारं टीकॅस हे यंत्र भारतात सक्तीचं झालं.

यंत्र आलं तरी प्रश्न संपला नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू विमान आदळलं. ७१ बळींत ५२ मुलं होती. टीकॅसने रशियन विमानाला वर जायला सांगितलं, नियंत्रकाने खाली. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. मालवाहू विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. झुरिकच्या त्या केंद्रात तेव्हा एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करत होता, दुरुस्तीसाठी मुख्य रडार यंत्रणा आणि टेलिफोन बंद होते. यंत्र आणि नियंत्रक यांच्या सूचना विरुद्ध आल्या तर कुणाचं ऐकायचं, हे जगाने तोवर निःसंदिग्धपणे ठरवलं नव्हतं. खरं म्हणजे दीड वर्ष आधी जपानच्या आकाशात अगदी हाच प्रसंग येऊन ६७७ माणसं थोडक्यात वाचली होती. त्या निसटण्यातून जगभरचा नियम वेळेवर झाला असता, तर कदाचित ती मुलं वाचली असती.

इथे मला माझ्या मुख्य मुद्द्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे यायचं आहे. निसटलेला प्रसंग हा सर्वांत स्वस्तात मिळणारा शिक्षक असतो. पण त्याची हकीकत फक्त त्यातून निसटलेल्या माणसाजवळ असते. ती त्याने का सांगावी? सांगितली तर परवाना जाईल, नोकरी जाईल, निदान हसं तरी होईल.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं विमान डोंगरावर आदळून ९२ जण ठार झाले. ‘अप्रोचला परवानगी आहे’ या नियंत्रकाच्या वाक्याचा अर्थ वैमानिकांनी खाली उतरण्याची परवानगी असा घेतला. नियंत्रकाच्या लेखी कोणत्या उंचीवर राहायचं ही वैमानिकाची जबाबदारी होती. चौकशीत उघड झालं की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी त्याच गैरसमजातून डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत ती गोष्ट गेली नाही. एक कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला असता तर ९२ घरं वाचली असती.

यानंतर अमेरिकेच्या नियामक संस्थेने वैमानिकांना आवाहन केलं की तुमच्या चुका आम्हाला कळवा. वैमानिक बिचकले आणि ते स्वाभाविक होतं. जो शिक्षा करतो त्याच्याच हातात आपली चूक लिहून कोण देईल? म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे सोपवलं गेलं, कारण नासाला कुणाला शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. वैमानिकाने, नियंत्रकाने किंवा तंत्रज्ञाने दहा दिवसांत आपली चूक कळवायची. त्याचं नाव आणि ओळख पुसून टाकली जाते. चूक अजाणता झाली असेल, तर तिच्यासाठी दंड होत नाही. जाणूनबुजून केलेला नियमभंग, गुन्हा किंवा प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही. आजवर तिथे वीस लाखांहून अधिक हकीकती जमल्या आहेत. त्यांतून कुठला नकाशा फसवा आहे, कुठलं बटण चुकीच्या जागी आहे, कुठल्या वाक्याचे दोन अर्थ होतात हे माणसं मरण्याआधी कळतं.

मराठ्यांच्या राज्यकारभाराची कागदपत्रं चाळणाऱ्यांना अभयपत्र हा शब्द ओळखीचा आहे. धामधुमीत रयत गाव सोडून पांगली की सरकारातून कौल दिला जाई, अभयपत्र जाई. निर्धास्त परत या, वसाहत करा, उपद्रव होणार नाही, असा त्याचा आशय. त्यात दया होतीच, पण राज्यकर्त्याचा व्यवहारही होता. भीतीने गाव ओस पडतं आणि ओस गावाचा वसूल येत नाही. माहितीचंही तसंच आहे. शिक्षेच्या भयाने ती रानोमाळ पांगते. तिला परत वस्तीला आणायचं तर आधी अभय द्यावं लागतं. नासाची ती योजना म्हणजे आकाशातलं अभयपत्र आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्याचं मूल गेलं त्याला तुम्ही अभयाच्या गोष्टी सांगणार का? चुकणाऱ्याला शिक्षा नसेल तर बेफिकिरी वाढणार नाही का? युबरलिंगेनच्या अपघातात पत्नी आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका बापाने दीड वर्षाहून अधिक काळाने त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारलं. त्या बापाच्या दुःखापुढे कुठलाही युक्तिवाद खुजा आहे. पण त्याने मारलं कोणाला? त्या रात्री एकट्यावर दोन माणसांचं काम टाकलेल्या, फोन बंद असलेल्या कर्मचाऱ्याला. ती व्यवस्था चालवणाऱ्या कंपनीतल्या चार जणांना न्यायालयाने २००७ मध्ये दोषी ठरवलं. शिक्षा हवीच, पण ती योग्य उंचीवर पोचली पाहिजे. दारू पिऊन विमान उडवणारा, कागदपत्रं खोटी करणारा, खर्च वाचवण्यासाठी थकलेल्या माणसाला कामावर ओढणारा यांना अभय देण्याची भाषा कुणीच करत नाही. अभय हवं ते प्रामाणिकपणे चुकलेल्याला आणि त्याहून जास्त, चूक घडण्याआधी ‘थांबा’ म्हणणाऱ्याला. बेफिकिरी भयाने कमी होत नाही. भयाने लपवाछपवी वाढते आणि लपलेली बेफिकिरी दुप्पट घातक असते.

१९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात हे तत्त्व स्पष्ट लिहिलं आहे की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. भारताने ते मान्य केलेलं आहे. पण १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग ७८७ कोसळून विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले, तेव्हा आपण कसे वागलो? ब्लॅक बॉक्स उघडण्याआधीच पडद्यावर गुन्हेगार ठरू लागले. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद त्यात होती. ते का आणि कसं घडलं याचा निष्कर्ष त्यात नव्हता. तरी उरलेली वाक्यं लोकांनी स्वतःच लिहिली. त्या विमानाचा कॅप्टन असलेल्या मुलाच्या अंगावरचा डाग पुसण्यासाठी मुंबईच्या एका वयोवृद्ध बापाला सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं. हे पाहिलेला एखादा तरुण वैमानिक उद्या आपली निसटती चूक कागदावर लिहून देईल का?

परत फिरण्याची किंमतही आपण वाढवतच आहोत. वैमानिकांच्या थकव्यावर उपाय म्हणून नियम कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण या नियमांसाठी पुरेशी तयारी केलेली नव्हती. प्रवाशांचे हाल झाले हे खरं. पण त्यातून काय निघालं? रात्रीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट. मंगळूरच्या ध्वनिमुद्रणातली झोप आपण पंधरा वर्षांत विसरलो. नियंत्रकांच्या थकव्याबद्दल तर कुणी बोलतही नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तिच्यावरून दिवसाला नऊशेहून अधिक विमानं ये-जा करतात. पावसाळ्यात त्यांची रांग आकाशात लावणाऱ्या माणसाला झोप किती मिळाली, हा प्रश्न तिकिटाच्या दराइतकाच आपला असायला हवा.

म्हणून मागण्या दोन आहेत. अपघाताचा तपास करणारी संस्था आज नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ती संसदेला थेट उत्तर देणारी, स्वतंत्र असावी, म्हणजे रडार बंद का होतं आणि माणसं कमी का होती हे ती वरच्यांनाही विचारू शकेल. आणि चुका कळवण्याची व्यवस्था शिक्षा करणाऱ्या हातांपासून दूर, एखाद्या तटस्थ संस्थेकडे असावी. दोन्हीला फार पैसा लागत नाही. अधिकार सोडण्याची तयारी लागते, जी पैशापेक्षा दुर्मीळ आहे.

तिसरी गोष्ट मागायची नाही, आपण द्यायची आहे. मंगळूरच्या त्या पहाटे योग्य शब्द कॉकपिटमध्ये तीनदा उच्चारला गेला होता. हवा, विमान, शब्द, सगळं होतं. त्या शब्दामागे हात पुढे करण्याचं बळ नव्हतं, आणि ते बळ एकट्या सहवैमानिकाने कुठून आणायचं होतं? ते त्याला वर्गातल्या गुरुजींनी द्यायचं असतं, फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या पोराला शाबासकी देऊन. घरातल्या आजोबांनी द्यायचं असतं, नातवाचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊन. आणि विमानातल्या आम्हा प्रवाशांनी द्यायचं असतं. त्या जुलैच्या संध्याकाळी दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांना मी एवढं म्हणू शकलो असतो की कॅप्टनना सांगा, वर नेलंत ते बरं केलंत. ते मी म्हटलं नाही. आता प्रत्येक वेळी उतरताना, विमान वर गेलं असो वा नसो, दाराशी थांबून आभार मानतो. रांगेतल्या मागच्यांचा अर्धं मिनिट खोळंबा होतो. तेवढा व्हायला हरकत नाही.